पानावर आडवा हात

रामकृष्णहरी, मंडळी! टाळ खाली ठेवा. मृदंगालाही जरा दम खाऊ द्या. गाणं झालं — आता ऐकायचं.

पूर्वरंगात आपण दानाची थोरवी पाहिली. अन्नदान, वस्त्रदान, विद्यादान — तुम्ही माना डोलावल्या, मला बरं वाटलं. आता उत्तररंगाला मी एकच प्रश्न विचारतो. देणाऱ्याच्या मनात द्यायचं आहे. दिखावा नाही, नाव लावायची हौस नाही. मागितलं तर जीव काढून देईल इतकं खरं आहे. एवढ्यानं दान होतं का?

पुढची मंडळी हो म्हणतात. थांबा, घाई करू नका. देवापुढं तुम्ही दुधाची वाटी ठेवली. भाव सोन्यासारखा. पण वाटीतलं दूध नासलंय आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही. देव भावाचा भुकेला, तो गोड मानून घेईल. पण घेणारा देव नसला तर? घेणारा माणूस असला, मरणाला टेकलेला असला, आणि त्याच्यासाठी जगात तेवढी एकच वाटी असली — तर?

ऐका.

तापीच्या काठचं एक गाव. नाव सांगत नाही. सांगितलं की तुमच्यातले दहा जण आख्यान सोडून तिथले पाव्हणे आठवत बसतील. त्या गावात निनाजी भंगाळे नावाचा आचारी. गळ्यात माळ, दारूचा थेंब कधी ओठाला नाही. पंचक्रोशीतलं लग्न, बारसं, सप्ताह, उत्तरकार्य — निनाजीच्या चुलीशिवाय उरकत नसे. वरण-बट्टी करावी तर त्यानंच. पत्रावळीवर चुरलेली कणकेची बट्टी, तिच्यावर वरण, वरणावर तूप. आणि तूप कसं? वरण दिसेनासं होईतो!

या निनाजीचं एक ब्रीद होतं. जेवणारा 'पुरे' म्हणाला तर तो ऐकायचा नाही. आपल्याकडे कोण ऐकतं? पण जेवणाऱ्यानं पानावर हात आडवा धरला, की निनाजीला ते लागायचं. तो म्हणायचा, पानावर हात आला म्हणजे आचारी हरला. म्हणून तूप वाढायला तो स्वतः निघायचा. कुणी हात आडवा धरलाच, तर निनाजी तुपाची धार सरळ त्या हातावर सोडायचा. बोटांच्या फटींतून तूप खाली पानात! पंगत हसायची, जेवणारा बोटं चाटायचा आणि हात मागे घ्यायचा. वाढायला काढलेलं तूप भांड्यात परत गेलं, असं तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

प्रेमच होतं ते. मी त्याला नावं ठेवायला उभा नाही. पण लक्षात ठेवा, आख्यान सगळं या आडव्या हातावर आहे.

निनाजीला एकच मुलगा, लोकेश. वय पंचवीस. केळीच्या गोदामात नोकरी — कुठली गाडी आली, कुठली गेली, ते संगणकावर भरायचं. सकाळी खुर्चीत बसला की संध्याकाळीच उठायचा. अकरा वाजता सोबतचे कचोरी मागवत, चार वाजता समोसे, वर थंड बाटली. घरी यावं तर लग्नसराईत रोजच लग्न! निनाजी जिथं स्वयंपाकाला जाई तिथून एक स्टीलचा डबा भरून आणायचा. बुंदी, बालुशाही, तळलेल्या पुऱ्या, तुपात निथळणारी बट्टी. बाप दिवसभर भट्टीपुढं होरपळायचा आणि संध्याकाळी डबा पोराच्या पुढ्यात उघडून त्याच्या तोंडाकडं बघत बसायचा. पोरानं डबा पुसून खाल्ला की बापाचा शीण उतरायचा. लोकेशला ते कळायचं. भूक नसली तरी तो खायचा. मंडळी, जेवण्यातूनही माणसं एकमेकांची सेवा करतात.

लोकेशला थोडं पोट सुटलं, गाल भरले. आपल्याकडे याला काय म्हणतात? तब्येत सुधारली! माणूस वाळला की विचारतात, काय झालं रे तुला. फुगला की म्हणतात, मानवलं बघा. मापच उलटं धरलं, तर मोजलेलं खरं कसं निघणार?

असो. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण झाला आणि निनाजी पडला. पोट पाण्यानं फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेलं. निदान असं निघालं की जुन्या काविळीचे जंतू कित्येक वर्षं आत दडून होते, त्यांनी यकृत पोखरून टाकलं होतं. माणूस निर्व्यसनी, पण यकृत सुकलेल्या कवठासारखं झालेलं. औषधाची वेळ निघून गेली होती. दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवला तरच जगेल. मेलेल्या माणसाचं मिळायला यादीत थांबावं लागतं, आणि थांबायला निनाजीजवळ वेळ नव्हता. जिवंत माणसानं द्यायचं तर घरातलं हवं. बायको सिंधूबाई — तिला साखरेचा आजार. राहिला एक लोकेश.

देवानं यकृताला एक वर दिलाय. कापून तुकडा दिला तरी देणाऱ्याच्या पोटात ते पुन्हा भरून येतं. इतकं दातृत्व दुसऱ्या कुठल्या अवयवात नाही.

लोकेशनं क्षणाचा विचार केला नाही. डॉक्टर रेगे म्हणून बाई होत्या, त्यांच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "माझं घ्या. आजच घ्या."

आता सांगा, याच्या मनात काही खोट होती? नव्हती. इच्छा पूर्ण होती. पण बाईंनी आधी त्याचं रक्त तपासायला पाठवलं, पोटाचं यंत्रातून चित्र काढलं. दुसऱ्या दिवशी त्याला आत बोलावून दोन काचेच्या नळ्या पुढ्यात ठेवल्या. दोन्हींत लाल रक्त तळाशी बसलेलं, वर पाणी आलेलं. एका नळीतलं पाणी पिवळसर, स्वच्छ, पलीकडचं बोट दिसावं असं — वरणावरची निवळ असते ना, तसं. दुसरीतलं पाणी दुधाळ. गढूळ. पलीकडचं काही दिसेना.

लोकेशनं विचारलं, यातली माझी कुठली?

बाईंनी दुधाळ नळीवर बोट ठेवलं.

ती रक्तातली चरबी होती, मंडळी. तिचं नाव ट्रायग्लिसराइड. जीभ वळत नसेल तर सोडून द्या, मलाही तीनदा घोकावं लागलं. उपाशीपोटी ती दीडशेच्या आत असावी. लोकेशची चारशेच्या घरात होती. कोलेस्टेरॉलही वाढलेलं — त्यात एक चांगलं असतं नि एक वाईट. वाईट ते चढलेलं, चांगलं ते घसरलेलं. आणि जे रक्तात मावेना ते यकृतात जाऊन साठलेलं. यकृत म्हणजे घरातली सोशिक सून. येईल ते निस्तरते, बोलत नाही. आणि एक दिवस बसते ती उठतच नाही. हसू नका. घरी जाऊन विचारा.

लोकेश म्हणाला, मला तर काहीच होत नाही. मी केळीचे घड खांद्यावर उचलतो.

बाई म्हणाल्या, "पंचविशीत कुणालाच काही होत नाही. म्हणून तर कुणी तपासत नाही."

मग त्यांनी शांतपणे समजावलं. चरबीनं भरलेलं यकृत कापलं तर देणाऱ्याच्या जिवाला धोका, आणि घेणाऱ्याच्या पोटात ते नीट धरणार नाही. एका ऐवजी दोन माणसं जातील. लोकेश पुन्हा म्हणाला, मी तयार आहे, मला चालेल, लिहून देतो.

"तुमची तयारी मला दिसते," बाई म्हणाल्या. "तुमच्या यकृताची नाही. मी घेऊ शकत नाही."

मंडळी, भिक्षा नाकारल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. दान नाकारलं जातं तेव्हा देणाऱ्याचं काय होतं, ते त्या पोराला विचारा. बाहेरच्या बाकावर आई बसली होती. तिच्यापुढं जायचं टाळून तो जिन्याकडं वळला. बापानं आयुष्यभर ज्या प्रेमानं वाढलं, तेच पोटात साठून बापाच्या आड आलं होतं. आणि हे बापाला सांगायचं कोणत्या तोंडानं?

बाईंनी वाट बंद केली नव्हती. त्या म्हणाल्या होत्या, तरुण यकृत लवकर सुधारतं. दोन महिने द्या. साखर, गोड, मैदा, तळलेलं बंद. तूप-तेल चमच्यानं मोजून. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी खा, रोज दमेपर्यंत चाला. तोवर औषधांवर वडिलांना धरून ठेवायचा आम्ही प्रयत्न करतो. जमलं तर घेऊ.

सोपं वाटतं ना? आता पाहा आपण काय करतो ते.

निनाजी तिथंच रुग्णालयात. मायलेक गावी आले. बातमी फुटली — लोकेशचं रक्त शुद्ध नाही, ते शुद्ध करायचंय. 'शुद्ध' म्हटल्यावर आपल्या डोक्यात काय येतं? उपवास! सिंधूबाईनं गावदेवीला नवस बोलला. नऊ दिवस पोरगा अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. लोकेशनं मनापासून धरला. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या भाकरी खा, डाळ खा — हा म्हणाला, मी त्याच्याही पुढं जातो, मी धान्यच सोडतो! अनवाणी देवीच्या टेकडीवर जायचा, रात्री जमिनीवर निजायचा. आणि गाव? गावानं निनाजीचं अन्न खाल्लेलं. फेडायची वेळ आली म्हणून गाव लोटलं. सकाळी या घरची साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट सढळ, वर साजूक तूप. दुपारी त्या घरचं गुळात घोळवलेलं रताळं. कुणी राजगिऱ्याचा शिरा, कुणी शेंगदाण्याचे लाडू, कुणी पेढे घातलेलं दूध. आणि आपला मुलूख केळीचा — तळलेले वेफर तर पोतंभर! 'घे रे, उपासाचं आहे.' 'घे रे, अशक्तपणा येईल.' एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, इथं तर लागोपाठ नऊ एकादश्या!

हसलात. तुमचं बरोबर आहे. पण त्या घरात कुणी हसत नव्हतं. ती माय रोज देवीपुढं कपाळ टेकत होती, आणि तो पोरगा गळ्याशी आलं तरी खिचडीला प्रसाद मानून गिळत होता.

दहाव्या दिवशी बाईंनी बोलावलेलं नसताना तो शहरात गेला. बापाच्या खाटेकडं न जाता आधी रक्त दिलं. चेहऱ्यावर तेज होतं म्हणतात. दुपारी बाईंनी आकडा पाहिला आणि दुसऱ्यांदा पाहिला. रक्तातली चरबी कमी झाली नव्हती. वाढली होती.

त्यांनी विचारलं, या दिवसांत काय खाल्लंत? लोकेशनं अभिमानानं सगळं सांगितलं. खिचडी, रताळं, लाडू, वेफर, दूध. अन्नाचा कण नाही. बाईंनी सगळं कागदावर टिपून घेतलं. त्याचं संपल्यावर म्हणाल्या, "तुमच्या नवसाला मी हात लावत नाही. तो तुमचा आणि देवीचा. पण रक्ताला तिथी कळत नाही, लोकेश."

रक्ताला तिथी कळत नाही. मंडळी, हे वाक्य मी कुठल्या पोथीत वाचलं नाही, पण पोथीत शोभेल असं आहे. साबुदाणा हा नुसता पिठूळ गोळा. त्याची पोटात साखर होते. साखर जास्त झाली की यकृत तिची चरबी करून ठेवतं. तळणाची चरबी वेगळी, गुळा-पेढ्याची वेगळी, सगळ्यांचं कोठार एकच. तुम्ही खाल्लं ते आज चतुर्थी म्हणून की बाप आजारी म्हणून, हे यकृत विचारत नाही. आणि जेवणारा माळकरी आहे का, हेही विचारत नाही.

बाई आणखी एवढंच म्हणाल्या, की गेले नऊ दिवस त्या परत आणून देऊ शकत नाहीत, आणि निनाजींकडे वाया घालवायला फार दिवस उरले नाहीत. मग म्हणाल्या, जा, त्यांना भेटून या.

यकृत बिघडलं की त्याचं विष डोक्यात चढतं. माणूस भ्रमतो. लोकेश गेला तेव्हा दुपार होती, खिडकीतून ऊन खाटेवर पडलं होतं. निनाजी उशाला टेकून बसला होता, हात हवेत चालले होते. औषध द्यायला परिचारिका आली तर तिला म्हणाला, पान वाढलं का? फरशी पुसणारी बाई आली, तिला तेच — पान वाढलं का? सगळं विसरला होता. गाव, घर, बायकोचं नाव. पंगत विसरला नव्हता.

लोकेश जवळ गेला. म्हणाला, अण्णा, मी आहे. निनाजीनं पाहिलं, डोळे पिवळे, ओळख नाही. परक्या पाव्हण्याशी बोलावं तसं विचारलं, "जेवला का तू?"

"जेवलो, अण्णा."

"खोटं बोलतो. तोंड सुकलंय तुझं." मग दाराकडं बघून म्हणाला, "सुपडू, याला तूप आण रे." तिथं सुपडू नव्हता. तो गावी होता — निनाजीचा जुना वाढपी, त्यानंच आता निनाजीच्या भट्टीचं काम धरलं होतं. पण निनाजीच्या हातात भांडं आलं होतं. न दिसणारं. त्यानं ते लोकेशवर कलतं केलं.

मंडळी, तो पोरगा काय करील? त्यानं ओंजळ पुढं धरली. हवेतली धार ओंजळीत पडली. बाप समाधानानं हसला आणि पुढच्या न दिसणाऱ्या पानाकडं वळला.

ओंजळ मिटून लोकेश बाहेर आला. त्याला एवढं कळलं, की हा माणूस मला न ओळखताही वाढणारच. थांबायचं तर मलाच आहे. त्याचा वाढता हात खाली येणार नाही, आणि माझा आडवा झाला नाही तर हा हात काही दिवसांनी राहणारही नाही.

गावी आल्यावर त्यानं आईला पहिली गोष्ट सांगितली ती चमच्याची. सिंधूबाई किटलीतून कढईत तेल ओतायची, हाताच्या अंदाजानं. तो म्हणाला, माय, उद्यापासून चमचा. ती रडली. आई असून मी पोराला कोरडं वाढू? लोक काय म्हणतील, बाप तिकडं मरतोय आणि माय पोराला तेल मोजून घालते? लोकेशनं तिला दुधाळ नळीची गोष्ट तोवर सांगितली नव्हती. ती त्या दिवशी सांगितली. सिंधूबाई उठली, नवऱ्याच्या पेटीतून मसाल्याचा छोटा पितळी चमचा काढला आणि तेलाच्या किटलीला दोरीनं बांधला. लोकेशची भाजी त्या चमच्यानं सुरू झाली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तुरीच्या डाळीचं वरण वर तूप न घालता, मेथी, अंबाडी, मटकीची उसळ, काकडी. उपाशी नाही राहिला तो. पोटभर जेवला. फक्त ज्यानं पोटाऐवजी मन भरतं, ते गेलं.

सकाळी तो पायी गोदामात जाऊ लागला. अकराच्या कचोरीला सोबतचे हाक मारत. एक जण म्हणाला, काय भो, बुवा झालास का? दुसरा म्हणाला, पंचविशीत कोलेस्टेरॉल? ते आमच्या आजोबांना झालं होतं. एकदा तो कचोरीच्या गाडीपाशी थांबलाही, अर्धी खाल्ली. मग उरलेली कागदात गुंडाळून घरी नेली आणि आईपुढं ठेवली. म्हणाला, अर्धी खाल्ली मी. आईनं ती म्हशीच्या टोपल्यात टाकली आणि विषय संपवला. संत काही त्या घरात राहत नव्हते, मंडळी. माणसं राहत होती.

खरी परीक्षा वेगळीच होती. एका संध्याकाळी सुपडूतात्या लग्नाचा डबा घेऊन आला. निनाजी आणायचा तोच स्टीलचा डबा, त्यावर निनाजीचं नाव कोरलेलं. सुपडूनं नेमच केला होता — मालक खाटेवर आहे, पण मालकाच्या पोराचा डबा चुकता कामा नये. डब्यात बट्टी होती, झाकणाच्या कडेनं तूप ओघळलेलं. पाच कोस सायकल मारून आलेला म्हातारा. लोकेशनं डबा हातात घेतला, कपाळाला लावला आणि न उघडता परत दिला.

सुपडूनं डब्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. म्हणाला, "निनाजीचं नाव आहे रे त्याच्यावर."

"म्हणून तर उघडत नाही, तात्या."

म्हातारा गेला. दुसऱ्या दिवशी गावभर झालं — निनाजीच्या पोरानं निनाजीचा डबा परत केला. कुणी म्हणालं माज आला. कुणी म्हणालं बापाच्या आधीच सुतक धरलं. लोकेश ऐकत होता आणि चालत होता. गोदामापर्यंत पायी, टेकडीपर्यंत पायी. नवसाच्या वेळी टेकडीवर देव दिसावा म्हणून जायचा, आता घाम यावा म्हणून. देवी तीच. मला विचाराल तर दुसऱ्या वेळची यात्रा तिला जास्त आवडली असेल.

आषाढी एकादशीनंतरच्या आठवड्यात बाईंनी बोलावलं. निनाजीचं आता उठणं बंद झालं होतं, बोलणंही तुटक. यावेळी लोकेशच्या चेहऱ्यावर तेज वगैरे काही नव्हतं. गाल उतरले होते, सदरा ढगळ झाला होता. गावच्या मापानं तब्येत बिघडली होती! त्यानं रक्त दिलं आणि बाकावर बसला. बाईंनी एक नळी आणून खिडकीच्या उजेडात धरली.

पलीकडचं बोट दिसत होतं.

पोटाचं चित्र पुन्हा काढलं. यकृतातली चरबी ओसरली होती, पुरती नाही, पण कापता येईल इतकी. बाईंनी शाबासकी दिली नाही. फक्त म्हणाल्या, "आता घेऊ शकते."

दान त्या क्षणी झालं, मंडळी. आखाजीनंतर 'माझं घ्या' म्हणाला तेव्हा झालं नव्हतं. तेव्हा ती इच्छा होती. इच्छा आणि दान यांच्यामधली वाट त्या पोराला भाकरी खात चालावी लागली.

बाप एका मेजावर, लेक दुसऱ्या. दिवसभर चाललं. सिंधूबाई बाकावरून हलली नाही, आणि तिच्या शेजारी कोण बसला होता सांगू? सुपडूतात्या. राग पोटात ठेवून तोच डबा घेऊन आला होता. त्यात भाकरी होती. दोघं जगले. निनाजीच्या डोळ्यांतला पिवळेपणा जायला बरेच दिवस लागले. एका सकाळी त्यानं खाटेशी बसलेल्या पोराकडं पाहिलं आणि म्हणाला, लोकेश, तू वाळला का रे? सिंधूबाईनं तोंडाला पदर लावला. नाव आलं होतं. नाव परत आलं होतं.

इथं मी आख्यान संपवलं तर तुम्ही गोड मानून घ्याल. पण आडवा हात राहिलाय.

पुढच्या वर्षी गावात सप्ताह बसला. काल्याच्या दिवशी पंगत. भट्टी सुपडूची. निनाजीला धुरापासून लांब खुर्ची टाकून बसवलेलं, तोंडाला फडकं, डॉक्टरांनी गर्दीत जायची बंदी केलेली. तो लांबूनच वाढप्यांवर डोळा ठेवून होता. पहिल्या पंगतीत लोकेश बसला. बट्टी आली, वरण आलं. सुपडू तुपाचं भांडं घेऊन निघाला. पाचवं पान, सहावं पान — आणि लोकेशनं पानावर हात आडवा धरला.

सुपडूचा हात तिथंच राहिला. वाढावं तर डॉक्टरबाई आठवतात, न वाढावं तर मालक बघतोय. सगळ्यांना निनाजीचं ब्रीद ठाऊक. सगळ्यांनी मान वळवली ती खुर्चीकडं.

निनाजी उठला. एक हात पोटावरच्या टाक्यांच्या खुणेवर, दुसरा खांबाला. सावकाश आला. सुपडूकडून भांडं घेतलं, चमचा तुपात बुडवला, भरला आणि पोराच्या हातावर आणला. जसा आयुष्यभर आणत आला होता. लोकेशनं मान वर केली नाही. हात काढला नाही.

किती वेळ गेला असेल? पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं, आम्ही घास गिळायचं विसरलो.

निनाजीनं चमचा भांड्यात उलटा केला. वाढायला काढलेलं तूप पहिल्यांदाच भांड्यात परत गेलं. आपला रिकामा हात त्यानं पोराच्या त्या आडव्या हातावर ठेवला, आणि भांडं सुपडूकडं देत म्हणाला, "पुढच्या पानाला जा."

बास. एवढंच म्हणाला.

मंडळी, त्या दिवशी आचारी हरला का? मी उत्तर देणार नाही. मी तुमच्याकडं वळतो.

मंडपाच्या मागं मोटारसायकलींवर बसून ऐकणारी पोरं आहेत ना, त्यांच्याकडं. बाबांनो, तुम्ही वीस-पंचवीस वर्षांचे. तुम्हाला काही होत नाही. तुम्हाला काही होत नाही, हीच तुमची एकमेव तपासणी आहे. आज तुमच्या घरात कुणी तुमच्याकडं काही मागत नाही. उद्या मागेल. यकृत मागेल असं नाही. म्हातारपणी आधाराचा खांदा मागेल, पोर कडेवर घ्यायला हात मागेल, बायको पन्नाशीनंतरचा सोबती मागेल. तुम्ही 'घ्या' म्हणाल, खरं म्हणाल. पण तेव्हा वाटीत काय असेल? ते आज भरतंय. अकराच्या कचोरीला भरतंय, चारच्या बाटलीला भरतंय. एकदा उपाशीपोटी रक्त देऊन बघा. दुधाळ निघालं तर घाबरू नका, पोरांचं यकृत ऐकतं, वेळ आहे तोवर ऐकतं.

आणि मायबाप, तुम्ही. पोर वाळलं की हळहळता, फुगलं की दृष्ट काढता. प्रेम कमी करा असं मी म्हणणार नाही, कोण ऐकेल? चमचा तेवढा किटलीला बांधा.

बुंदीचा वास मघापासून येतोय, मलाही येतोय. महाप्रसाद आहे, चार दाणे सगळ्यांनी घ्यायचेत, मी पण घेईन. आता दोन्ही हात वर करा, एकदा टाळी होऊ द्या देवाच्या नावानं. झाली? आता उजवा हात तसाच पालथा करून मांडीवर आडवा ठेवा. बघा, जड नाही. टाळीचाच हात आहे तो. पंगतीत मन म्हणेल अजून, पोट म्हणेल पुरे, तेव्हा हा एवढा आठवा.

आणि वाढप्यांनो, तुम्ही बादल्या घेऊन तयार उभे आहात, मला दिसतंय. कुणाचा हात पानावर आडवा आला तर तो ढकलू नका, हसू नका, त्याच्यावर ओतू नका. नमस्कार करा त्या हाताला.

आणि पुढच्या पानाला जा.